'शारदा' बसवताना आधी बाप उभा करा

मुलुंडच्या एका हौशी नाट्यसंस्थेने गोविंद बल्लाळ देवलांचं 'संगीत शारदा' बसवायला घेतलं आहे. दिग्दर्शिका तरुण आहे, आणि तिने मला तीन प्रश्न पाठवले आहेत. संस्थेतली मुलं तिला विचारतात की जरठ-कुमारी विवाह संपले, कायदे झाले, मग १८९९ सालचं हे नाटक आज कशासाठी? दुसरं, तालमीत कांचनभट उभा राहिला की तो निव्वळ खलनायक होतो आणि बघणारे त्याला हसून सोडून देतात. त्याचं काय करायचं? आणि तिसरं, विजय तेंडुलकरांच्या 'कन्यादान'मधले दोन-तीन प्रवेश जोडून एकच प्रयोग केला तर चालेल का?

मी तीस-पस्तीस वर्षं नाटकं बसवतो आहे, त्यातली बरीचशी दादर-गिरगाव पट्ट्यातल्या हौशी मंडळींबरोबर. 'शारदा' दोनदा बसवलं. पहिल्या वेळी माझं चुकलं, आणि नेमकं तिथेच चुकलं जिथे तुमची तालीम आता अडली आहे. म्हणून मधल्या प्रश्नापासून सुरुवात करतो.

ज्यांनी नाटक पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. भुजंगनाथ हा पैसेवाला म्हातारा पुन्हा बोहल्यावर चढायला निघाला आहे. भद्रेश्वर दीक्षित नावाचा मध्यस्थ त्याच्यासाठी मुलगी शोधतो. कांचनभट हा भिक्षुक पैशाच्या लोभाने आपली कोवळी मुलगी शारदा त्याला द्यायला तयार होतो. तिची आई इंदिराकाकू हे सगळं बघते आहे, पण घरात तिचा शब्द चालत नाही. कोदंड नावाचा सुधारक विचारांचा तरुण हे लग्न मोडायच्या मागे लागतो. ऐन मांडवात कळतं की वर आणि वधू सगोत्र आहेत, आणि लग्न थांबतं. पण अर्धवट लग्न लागलेल्या मुलीला आता करणार कोण? शारदा नदीवर जीव द्यायला जाते, कोदंड तिला वाचवतो, आणि शेवटी शंकराचार्यांच्या संमतीने त्या दोघांचं लग्न होतं.

माझ्या पहिल्या प्रयोगात मी सगळी मेहनत भुजंगनाथावर घातली. त्याची रंगभूषा, बोळकं तोंड, कलप लावलेले केस, चालताना वाकलेली कंबर. 'म्हातारा इतुका न, अवघे पाऊणशे वयमान' हे पद इतकं रंगायचं की वन्समोअर ठरलेला. हाऊस खूष, आम्हीही खूष. गिरगावातल्या एका प्रयोगानंतर एक आजी नातवाचा हात धरून विंगेत आल्या. पंचाहत्तरी ओलांडलेल्या, नऊवारीतल्या. त्यांनी मुलांचं कौतुक केलं, ऑर्गनवाल्याचं केलं, आणि मग मला म्हणाल्या, "नवरा म्हातारा होता ते छान दाखवलंत. विकली कोणी ते नाही दाखवलंत." त्यांची थोरली बहीण अशीच दिली होती, कोकणातून, बारा वर्षांची असताना. वर्षभरात परत आली ती पांढऱ्या कपाळाने. आजी म्हणाल्या, त्या म्हाताऱ्याला आम्ही विसरून गेलो हो, त्याचं तोंडसुद्धा आठवत नाही. पण आमचे अप्पा पुढे तीस वर्षं रोज तिच्यासमोर जेवायला बसत होते.

त्या एका वाक्याने माझं नाटक उलटंपालटं केलं. त्या रात्री संहिता पुन्हा काढून वाचली, आणि तेव्हा दिसलं की भुजंगनाथ हा फक्त गिऱ्हाईक आहे. गिऱ्हाईक कुठेही मिळतं. माल बाजारात आणणारा घरात बसला आहे.

आता तुमच्या नटाकडे वळू. कांचनभट खलनायक का होतो? एक कारण देवलांनी दिलेली नावं. कांचन म्हणजे सोनं, भुजंग म्हणजे साप, आणि सगळ्यांचं अभद्र करणारा तो भद्रेश्वर. नाव ऐकल्याबरोबर नट भुवया चढवतो आणि आवाज घोगरा करतो. त्याला पहिल्या आठवड्यात हे सगळं बंद करायला सांगा. दुसरं कारण खोल आहे: नटाला वाटतं की मी वाईट माणूस वठवतो आहे. कोणताही बाप स्वतःला वाईट समजून मुलीचं लग्न ठरवत नाही. कांचनभटाच्या डोक्यात हिशेब आहे, आणि त्या हिशेबात मुलीचं भलंसुद्धा मांडलेलं आहे. मोठं घर, अंगावर दागिने, दोन वेळचं आयतं जेवण. 'श्रीमंत पतीची राणी' होण्याचं जे चित्र नाटकातल्या गाण्यात रंगवलं जातं, त्यावर त्याचा खरोखर विश्वास आहे असं धरून चाला. त्या भल्याच्या बेरजेत स्वतःचा वाटा केव्हा शिरला आणि केव्हा तो सगळ्यात मोठा झाला, हे त्याचं त्यालाच कळलेलं नाही. नटाने हे न कळणं करायचं आहे. ते फार अवघड आहे, पण करता येतं.

दुसऱ्या वेळी माझ्याकडे कांचनभटासाठी एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ होते. आवाज उत्तम, पाठांतर चोख, पण तेही डोळे वटारायचे. एका संध्याकाळी, दादरच्या एका शाळेच्या वर्गात तालीम होती, मी संहिता बाजूला ठेवायला सांगितली. म्हटलं, तुमच्या मुलीच्या शिक्षणाला किती खर्च आला ते मला सांगा. सुरुवातीला ते हसत हसत सांगू लागले. बालवाडीपासूनचे आकडे त्यांना पाठ होते. क्लासची फी, डोनेशन, परदेशी पाठवताना काढलेलं कर्ज, त्यासाठी मोडलेल्या ठेवी. मग आवाज बदलला. तिने तिकडे परस्पर लग्न ठरवलं, हे सांगताना त्यांचा उजवा हात नकळत शर्टाच्या खिशावर गेला आणि तिथेच राहिला, जणू आत काही आहे आणि ते कोणी काढून घेईल. वर्गात सगळे गप्प झाले. त्यांनाही कळलं. मी एवढंच म्हटलं, हा हात कांचनभटाला द्या.

मग आम्ही त्याला कनवट दिली. धोतराच्या कनवटीला दक्षिणेची चिल्लर खोचलेली, आणि शारदेशी माया करून बोलताना प्रत्येक वेळी हात हळूच कनवटीवर. एकदाही पैसे मोजायचे नाहीत, एकदाही बाहेर काढायचे नाहीत. फक्त हात. तिसऱ्या अंकापर्यंत प्रेक्षक त्या हाताकडे बघू लागायचे आणि हसणं बंद व्हायचं. हे संहितेत नाही, आमचं आहे. तुम्ही तुमच्या नटाच्या अंगातून तुमचं शोधा.

एक गोष्ट मात्र त्याला वाचायला लावाच. कन्येच्या बापाने कणभरसुद्धा मोबदला घेऊ नये, घेतला तर तो अपत्य विकणारा ठरतो, असं मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात स्पष्ट म्हटलेलं आहे. कांचनभट भिक्षुक आहे, लग्नं लावणं हाच त्याचा धंदा. त्याला हे माहीत नसेल असं होणारच नाही. ज्या शास्त्रावर त्याचं पोट चालतं त्या शास्त्राविरुद्ध तो आपल्याच घरात वागतो आहे, आणि हे जाणून वागतो आहे. त्या जाणिवेचा काटा त्याच्या अंगात सतत टोचत राहायला हवा. मग तो चिडेल तेव्हा का चिडतो ते कळेल. बायको बोलली की त्याचा पारा चढतो, कारण तिच्या तोंडून त्याचीच पोथी बोलत असते.

इंदिराकाकूंबद्दल दोन शब्द. ही भूमिका बहुतेक वेळा रडकी केली जाते. तसं करू नका. मी तिला कामाला लावली होती. भिक्षुकाचं घर, उद्याच्या जेवणावळीसाठी पत्रावळी लावायच्या आहेत. पळसाची पानं, चोया, आणि समोर शारदा. आई लेकीला शिकवते आहे, पान कसं धरायचं, चोय कशी टोचायची. बाहेर मैत्रिणी 'म्हातारा इतुका न' म्हणत हसताहेत, प्रेक्षकही हसताहेत, आणि आत त्या दोघी मान खाली घालून पत्रावळी लावताहेत. वन्समोअर आला तर जरूर घ्या. पण दुसऱ्या वेळी शारदेच्या हातातली चोय मोडू द्या. तो आवाज पहिल्या चार रांगांपलीकडे जात नाही, तरी सगळं नाट्यगृह गप्प होतं, कारण तोवर सगळ्यांचं लक्ष तिच्या हातांवर असतं.

आता मुलांच्या प्रश्नाकडे येऊ. हे नाटक आज कशासाठी?

आधी ते तेव्हा कशासाठी होतं ते बघा. 'शारदा'चा पहिला प्रयोग किर्लोस्कर नाटक मंडळीने जानेवारी १८९९मध्ये इंदूरला केला. मंडळीची कीर्ती उभी होती ती 'शाकुंतल' आणि 'सौभद्र'वर. देवलांच्या सात नाटकांतलं हे एकच स्वतंत्र, बाकी सगळी रूपांतरं किंवा भाषांतरं. 'सौभद्र'मध्येही घरातला वडीलधारा, बलराम, सुभद्रेचं लग्न तिला नको तिथे ठरवतो. पण तिथे सोडवायला कृष्ण आहे, म्हणून सगळं गोड होतं. देवलांनी तीच गाठ घेतली आणि कृष्ण काढून टाकला. देवलोकातलं लग्न एका भिक्षुकाच्या ओसरीवर आणलं. ज्या प्रेक्षकाला संगीत नाटकात राजे आणि ऋषी बघायची सवय, त्याच्यासमोर त्याच्याच शेजारचा माणूस साकी-दिंडीच्या चालीत उभा राहिला. कोदंडाचं काम तेव्हा भाऊराव कोल्हटकर करायचे, आणि पुढे शारदा म्हणून बालगंधर्व उभे राहिले. लोक गाणं ऐकायला आले आणि घरी जाताना प्रश्न घेऊन गेले. सामाजिक बदलाला असं वाहन मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे, आणि म्हणून त्यातली पदं सरसकट छाटू नका असं मी नेहमी सांगतो.

पण त्याच वेळी आपल्या मुंबईत समाज नाटकाच्या पुढे गेला होता, आणि हे तुमच्या मुलांना सांगाच. नाटकाच्या पंधरा वर्षं आधी, १८८४मध्ये, मुंबईच्या हायकोर्टात दादाजी भिकाजी नावाच्या नवऱ्याने बायको नांदायला येत नाही म्हणून दावा लावला. ती बायको म्हणजे रखमाबाई. लग्न झालं तेव्हा अकरा वर्षांची. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी, त्यांच्या पाठबळावर ती वाढली आणि शिकली, आणि या लग्नाला माझी संमती नव्हती असं तिने उघड सांगितलं. १८८५मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला, मग अपील झालं, आणि १८८७मध्ये कोर्टाने तिला नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असं फर्मावलं. ती म्हणाली, तुरुंगात जाईन. शेवटी १८८८मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली, आणि रखमाबाई पुढे विलायतेला जाऊन डॉक्टर होऊन आल्या. १८८९मध्ये पंडिता रमाबाईंनी चौपाटीजवळ विधवा मुलींसाठी शारदा सदन काढलं, ते पुढच्या वर्षी पुण्याला गेलं. १८९०मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनी सभा घेऊन ठरवलं की विधवांच्या केशवपनाला आपण हात लावायचा नाही. १८९१मध्ये संमतिवयाचा कायदा झाला, मुलीशी शरीरसंबंधाचं किमान वय दहाचं बारा झालं, आणि त्यावरून केवढं रण पेटलं ते सर्वांना माहीत आहे.

हे सगळं डोळ्यांसमोर ठेवून 'शारदा'चा मांडव बघा. लग्न कशाने थांबतं? गोत्राने. नवरी लहान आहे म्हणून नाही, नवरा मरायला टेकला आहे म्हणून नाही, बापाने पैसे घेतलेत म्हणूनही नाही. आणि नवरीला नको आहे, हे तर मांडवात कोणी विचारतसुद्धा नाही. शेवटचं लग्न लागतं तेही आचार्यांच्या परवानगीने. मला हे नाटकाचं वैगुण्य वाटत नाही. देवल उत्तम तालीममास्तर होते, आपला प्रेक्षक किती पावलं चालेल हे त्यांना नेमकं कळत होतं. शास्त्राचा आधार घेणाऱ्यांना त्यांनी शास्त्रानेच अडवलं. पण आज बसवताना ही फट झाकू नका. रखमाबाई कोर्टात उभी राहून 'नाही' म्हणाली होती, आणि पंधरा वर्षांनी रंगमंचावरच्या शारदेला तो शब्द मिळाला नाही. ती गाते, रडते, 'मूर्तिमंत भीती उभी' म्हणते, नदीकडे धावते, पण बापाच्या तोंडावर 'नाही' म्हणायची सोय तिला नाही.

माझ्या दुसऱ्या प्रयोगात मांडवातला गोंधळ सुरू झाला की मी शारदेला अंतरपाटाच्या मागून पुढे आणून रंगमंचाच्या मध्यावर उभी केली. सगळे पुरुष गोत्रावर भांडताहेत, पोथ्या उघडताहेत, आणि ती मधोमध मुंडावळ्या बांधून उभी. पूर्ण एक मिनिट. तिला एकही वाक्य वाढवून दिलं नाही. आमच्यातल्याच एकाने आग्रह धरला होता की तिला इथे एक आजचं भाषण द्या. मी नाही म्हटलं आणि अजूनही नाहीच म्हणेन. देवलांच्या तोंडी आपले शब्द घालायचे नाहीत. त्यांनी जिथे मुलीला गप्प ठेवलं, तिथलं गप्प राहणं प्रेक्षकाला ऐकू आलं पाहिजे, बस्स.

आणि कायदा. पुष्कळ लोकांना वाटतं की 'शारदा कायदा' या नाटकावरून पडला. तसं नाही. अजमेरचे हरबिलास सारडा यांनी ते विधेयक मांडलं होतं म्हणून तो सारडा कायदा. १९२९मध्ये मंजूर झाला, १९३०च्या एप्रिलपासून लागू झाला, लग्नाचं किमान वय मुलीचं चौदा आणि मुलाचं अठरा. १९७८मध्ये ते अठरा आणि एकवीस झालं, २००६मध्ये नवा कायदा आला. पण मराठी माणसाच्या तोंडी 'सारडा'चं 'शारदा' इतक्या सहज झालं, यातच नाटकाची पोच किती होती ते कळतं.

संपलं का मग? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी जवळपास २२ टक्के बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली होती. पाचातली एक. आपल्या तालमीला मुलुंडहून, ठाण्याहून येणाऱ्या मुलींनी आपापल्या गावाकडची माहिती काढावी, आकडा आपोआप चेहरा घेऊन समोर येईल.

तरी मी तुमच्या मुलांना फक्त एवढंच उत्तर देणार नाही, कारण मुंबईच्या प्रेक्षकाला ते दूरचं वाटेल. तो म्हणेल, आमच्यात असं होत नाही. त्याला त्याच्या घरातला कांचनभट दाखवायचा आहे. दहावीच्या मुलाला आपल्या हुकलेल्या मेडिकलसाठी क्लासला जुंपणारा बाप, सात वर्षांच्या मुलीला टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत उभी करून तिच्यावर घराचे हप्ते फेडायचं स्वप्न बघणारी आई, स्थळ बघताना मुलाचं पॅकेज आणि टू बीएचके आधी विचारणारे आणि मुलीला शेवटी सांगणारे. यातले बहुतेक लोक मुलांवर जीव टाकतात. मी स्वतः बाप आहे, माझ्या मुलाने नाटकात यावं म्हणून मी काय काय केलं ते मला माहीत आहे, आणि त्याने नाही म्हटल्यावर मी त्याच्याशी आठवडाभर नीट बोललो नव्हतो. 'तुझ्यासाठीच करतोय' हे वाक्य आपण केव्हा बोलतो, त्या वेळी आपला हात कुठे असतो, हे प्रेक्षकाला स्वतःशी तपासावंसं वाटलं की नाटक आजचं झालं. त्यासाठी मोबाइल, जीन्स, वर्तमानपत्राची कात्रणं काही आणायला नको. धोतर आणि नऊवारीतच ठेवा.

आता 'कन्यादान'. तुम्हाला ते का सुचलं ते मला कळतं, आणि तुमची नजर बरोबर आहे. १९८३चं नाटक. पुण्यातलं समाजवादी घर, नाथ देवळालीकर आमदार, बायको सेवा चळवळीतली, मुलगा जयप्रकाश आणि मुलगी ज्योती. घरात सगळं चर्चेने ठरतं. ज्योती सांगते की ती अरुण आठवले या दलित कवीशी लग्न करणार. आईला आणि भावाला धास्ती वाटते. नाथला आनंद होतो, कारण जातिअंताचं त्याचं स्वप्न त्याच्याच घरात खरं होणार असतं. पुढे अरुण तिला मारझोड करतो, आणि तरी नाथ अरुणच्या आत्मकथनाच्या कार्यक्रमात त्याची भरभरून स्तुती करतो. ज्योती घरी येऊन त्या भाषणाचा जाब विचारते आणि आता मी देवळालीकर नाही, आठवले आहे असं सांगून बापाला सोडून निघून जाते.

कांचनभटाने मुलगी पैशासाठी दिली, नाथने तत्त्वासाठी. मला विचाराल तर नाथ करणं दसपट कठीण आहे. कांचनभट चूक आहे हे प्रेक्षकाला आधीपासून माहीत असतं. नाथ मात्र बरोबर आहे. जात मोडायलाच हवी, आंतरजातीय लग्नं व्हायलाच हवीत, त्याच्या तोंडचं वाक्य न् वाक्य पटतं. पण ते खरं करण्यासाठी त्याने पणाला लावलं ते स्वतःचं काही नाही, मुलीचं आयुष्य लावलं. तिच्या लग्नात त्याला तिच्याऐवजी स्वतःचा विजय दिसला. समाज बदलण्याची त्याची घाई आणि बापाचा स्वार्थ एकमेकांत असे मिसळले की वेगळे काढता येईनात. समाजबदल हवा असणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हे बघताना अंगावर काटा येतो.

त्याच कारणाने हे नाटक जपून हाताळायला हवं. अरुणच्या चित्रणावर दलित वाचकांनी, लेखकांनी तीव्र आक्षेप घेतले आणि ते आक्षेप मला खरे वाटतात: ज्योती का सोसते याला तेंडुलकरांनी पदर न् पदर दिले, अरुण का मारतो याला फारच थोडे दिले. याच नाटकासाठी त्यांना १९९३चा सरस्वती सन्मान मिळाला, आणि त्याच नाटकापायी आपल्यावर चप्पल भिरकावली गेली होती, हे त्यांनी तो सन्मान घेताना बोलून दाखवलं. दोन-तीन प्रवेश तोडून 'शारदा'च्या शेजारी लावले की हा सगळा गुंता जाईल, आणि उरेल फक्त 'दलित नवरा मुलीला मारतो' एवढंच. म्हातारा भुजंगनाथ आणि अरुण एका रांगेत उभे केल्यासारखं होईल. ते अन्यायाचं होईल आणि नाटकाच्या अर्थाच्या अगदी उलट होईल. म्हणून जोडू नका. हवं तर त्याच मुलांकडून 'कन्यादान' पूर्ण वाचून घ्या, प्रयोगाच्या आधी दोन रविवार. कांचनभट करणाऱ्या नटाने नाथ वाचावा. त्याच्या कांचनभटात फरक पडेल, हे मी अनुभवाने सांगतो.

शिवाय व्यवहार आहेच. देवलांचं निधन १९१६ सालचं, त्यांची संहिता सर्वांना मोकळी आहे. तेंडुलकर २००८ साली गेले, त्यांच्या नाटकाला हक्कदारांची लेखी परवानगी लागेल, आणि मधलेच प्रवेश तोडायला ती मिळणं कठीण. 'शारदा'ची तुम्ही संपादित केलेली प्रत मंजुरीसाठी सरकारच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवाल तेव्हा, जी प्रत पाठवाल तोच प्रयोग करायचा आहे हे लक्षात ठेवा. तालमीत रोज काटछाट करत बसलात तर शेवटी घोळ होतो.

पदांबद्दल. सगळी घेतलीत तर चार तासांच्या वर जाईल आणि शेवटची लोकल पकडणारा प्रेक्षक तिसऱ्या अंकात उठेल. मी अठरा ठेवली होती. गाताना शारदेला प्रेक्षकाकडे तोंड करून उभी करायची जुनी पद्धत मला 'मूर्तिमंत भीती'ला अजिबात नको वाटते. तिथे ती बापाच्या ओसरीच्या खांबाला धरून, पाठमोरी सुरू करू दे. ऑर्गन बारीक. तान घ्यायची नाही, गायिकेला राग येईल, तरी घेऊ देऊ नका.

पात्रयोजनेत अजून बदल करता येत असेल तर एक करा. कांचनभटासाठी ज्याला खरी मुलगी आहे असा नट घ्या, आणि तालमीच्या पहिल्या आठवड्यात एकदा त्याच्या मुलीला तालमीला बोलवा. तिने काही बोलायची गरज नाही. मागच्या बाकावर बसून ती मांडवाचा प्रवेश बघू दे. आमच्या त्या बँकवाल्या गृहस्थांची मुलगी सुट्टीला आली होती तेव्हा अशीच येऊन बसली होती. त्या संध्याकाळी त्यांचा हात कनवटीवर गेला आणि मध्येच थांबला, खाली आला, पुन्हा गेला. तो थांबलेला हात आम्ही पुढच्या सगळ्या प्रयोगांत ठेवला.